समनु नाडीशुद्धी : ‘रं’ची घाई सगळ्यांना, ‘लं’पर्यंत कोण थांबतं?

गिरणाकाठ (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. आमच्या गावात पहाटे मारुतीच्या पारावर काही जण प्राणायामाला जमतात. बहुतेक शेतकरी, निवृत्त मास्तर, एक किराणा दुकानवाले आणि सुट्टीत घरी आलेली कॉलेजची पोरं. तिथे जे बोलणं होतं ते एकदा सलग लिहावं म्हणून हा धागा.

अनुलोम-विलोम आता घराघरांत पोचलंय. पण त्याच्या पोटात ध्यानाचा जो भाग होता तो वाटेत कुठेतरी गळाला. घेरंड संहिता या हठयोगाच्या जुन्या ग्रंथाच्या पाचव्या उपदेशात (प्रकरणात) नाडीशुद्धी, म्हणजे प्राण वाहतो त्या वाटांची सफाई, दोन प्रकारची सांगितली आहे, समनु आणि निर्मनु. निर्मनु धौतीने, म्हणजे शरीर धुण्याच्या क्रियांनी होते. समनु बीजमंत्राने, म्हणजे ‘यं’, ‘रं’ अशा एकाक्षरी मंत्राने होते : श्वास मोजायचा, बीज मनात म्हणायचं आणि डोळ्यांपुढे एक चित्र धरायचं. शरीर, श्वास आणि मन अशी तिघांची सफाई एकाच बैठकीत.

संहितेत पद्मासन सांगितलंय. आमच्यात गुडघे धरलेली मंडळी पाराच्या कडेला पाय सोडून बसतात, पाठ ताठ असली की झालं.

पहिली फेरी वायूची. बीज ‘यं’, रंग धुरकट. डाव्या नाकपुडीने 16 मात्रा श्वास घ्यायचा, 64 मात्रा धरायचा, उजवीने 32 मात्रांत सोडायचा. दुसरी अग्नीची. नाभीच्या मुळातून आग उठतेय असं पाहायचं, ‘रं’ म्हणत उजवीने घ्यायचा, धरायचा, डावीने सोडायचा. आकडे तेच. तिसरी चंद्राची, आणि हीच सगळ्यांत नाजूक. नाकाच्या शेंड्यावर चांदणं सांडणारा चंद्र पाहायचा आणि ‘ठं’ म्हणत डावीने श्वास घ्यायचा. धरताना बीज बदलतं, ‘वं’. अमृत झिरपतंय, सगळ्या नाड्या धुतल्या जाताहेत. सोडताना बीज पुन्हा बदलतं, ‘लं’, पृथ्वीचं. 32 मात्रा. तिथे ग्रंथात शब्द आलाय ‘दृढम्’. आणि लगेच पुढे म्हटलंय की असं दृढ होऊन, आसन घालून मग प्राणायामाला लागावं. म्हणजे हे सगळं प्राणायामाच्या आधीचं, तयारीचं काम.

तंत्रातल्या भूतशुद्धीतही, म्हणजे पूजेआधी देहातली पंचभूतं शुद्ध करायच्या विधीतही, हाच क्रम आहे : शोषण, दहन, प्लावन. डाव्या कुशीत अंगठ्याएवढा काळा पापपुरुष कल्पायचा, ‘यं’ने सुकवायचा, ‘रं’ने जाळायचा, ‘वं’ने राख भिजवायची आणि ‘लं’ने देह पुन्हा घट्ट करायचा. पूजेच्या सुरुवातीला गुरुजी हे अर्ध्या मिनिटात उरकतात आणि आपण तेवढ्यात फुलं निवडत असतो.

आता माझं म्हणणं. लोकांना ‘रं’ फार आवडतो. अंगात ऊब येते, कपाळावर घाम येतो, काहीतरी झाल्यासारखं वाटतं. तेवढं झालं की उठतात. चंद्राच्या फेरीपर्यंत थांबणारे थोडे आणि ‘लं’चा श्वास पुरता सोडणारे त्याहून थोडे. मग हेच लोक दहा वाजता सांगतात की ध्यान करूनसुद्धा चिडचिड होते. मी पाहिलंय, ज्यांनी शेवटचा श्वास नीट सोडला त्यांची चिडचिड कमी असते. याला अभ्यास-बिभ्यास म्हणू नका, पारावरचं निरीक्षण आहे.

आणि आकड्यांबद्दल. 16-64-32 मिळून 112 मात्रा होतात. मात्रा एका सेकंदाची धरली तर एक श्वास जवळजवळ दोन मिनिटांचा. हे घरी करून पाहू नका. आमच्याकडे 4 घ्यायचा, 8 सोडायचा, धरायचा अजिबात नाही. चित्र आणि बीज मात्र पूर्ण.

---

पांझरा

छान धागा, वाखु (वाचनखूण) साठवली. मात्रा म्हणजे नेमकी किती? कोणी गुडघ्याभोवती हात फिरवून चुटकी वाजवायला सांगतं, कोणी घड्याळ.

---

गिरणाकाठ

@पांझरा, ग्रंथांत यावर एकमत नाही. मनात ‘यं’ एकदा म्हणायला जेवढा वेळ लागतो ती आमची मात्रा. घड्याळ समोर ठेवलं की लक्ष घड्याळात जातं.

---

संशयात्मा

लेख आवडला, पण मुळावरच बोलतो. नाड्या 72,000. मोजल्या कोणी? स्वामी दयानंदांनी तरुणपणी नदीत वाहत आलेलं प्रेत बाहेर काढून चिरलं आणि हठयोगाच्या ग्रंथांतल्या चक्र-नाड्यांशी ताडून पाहिलं. काहीच जुळेना, तेव्हा ग्रंथही प्रेताबरोबर नदीत सोडले. त्यांनीच आत्मवृत्तात सांगितलंय. हे एका संन्याशाने केलं, नास्तिकाने नाही.

मग जी नाडी नाहीच, ती धुवायची कशी? आणि ‘शुद्धी’च्या नावाखाली सध्या बाजारात जे विकलं जातंय त्याच्यापेक्षा हे वेगळं कसं?

---

गिरणाकाठ

दयानंदांची गोष्ट मीही पारावर सांगतो. चिरून सापडेल असं काही शोधायला मी कोणाला सांगत नाही. संहिता इथे क्रियापद वापरते ‘ध्यायेत्’. चंद्र नाकावर नसतोच, हे घेरंडांना ठाऊक नसेल असं थोडंच आहे? चित्राचं काम लक्ष बांधून ठेवायचं. नुसता श्वास मोजायला सांगितला की पाचव्या मिनिटाला माणूस कापसाच्या भावात पोचतो. धूर, आग, चांदणं, माती असं काही क्रमाने पाहायला दिलं की मनाच्या हाताला काम मिळतं.

बाजाराबद्दल मात्र पूर्ण सहमत.

---

ओपीडीतून

धुळ्यात छातीच्या विकारांची प्रॅक्टिस करतो, म्हणून थोडं लिहितो.

4 घ्या, 8 सोडा म्हणजे 12 सेकंदांचा एक श्वास, मिनिटाला 5. मिनिटाला सहाच्या आसपास श्वास घेतला की हृदयाची गती श्वासाबरोबर जास्त ठळकपणे खालीवर होते, हे मोजून पाहिलेलं आहे. श्वास सोडताना हृदय थोडं मंदावतं, व्हेगस नावाची नर्व्ह ते काम करते. म्हणून सोडणं घेण्यापेक्षा लांब असलं की माणूस निवांत होतो. धागाकर्त्याचा ‘लं’ नेमका लांब सोडलेल्या श्वासावर पडतो. मला बीजातलं कळत नाही, पण लोक उठून जातात तो भाग शरीराच्या हिशेबानेही टाकाऊ नाही.

श्वास धरण्याबद्दल. श्वास कोंडला की जीव कासावीस होतो तो मुख्यतः कार्बन डायऑक्साइड साठल्यामुळे, ऑक्सिजन संपल्यामुळे नाही. जोरजोरात कपालभाती केली की उलटं होतं. कार्बन डायऑक्साइड उतरतो, ओठ-बोटं झिणझिणतात, डोकं हलकं होतं. लोकांना वाटतं शक्ती जागी झाली. बसल्या जागी होतंय तोवर ठीक, उभ्याने किंवा पाण्यात कधीही करू नका.

रक्तदाब जास्त असेल, हृदयविकार, काचबिंदू, हर्निया, फिट्स, गरोदरपण यांपैकी काही असेल तर श्वास धरायचाच नाही. हळू घ्या, हळू सोडा, पुरे.

‘विषारी द्रव्यं बाहेर पडतात’ हे वाक्य कृपया कोणी लिहू नका. ते काम लिव्हर आणि किडनी करतात, न सांगता, चोवीस तास.

शेवटचं, आणि हे आपल्या भागासाठी खास. ज्वारी काढणी, जिनिंग, डाळ मिल, या धुळीत काम करणारे दम्याचे पेशंट प्राणायाम सुरू केला की पंप (इन्हेलर) बंद करतात आणि पंधरवड्याने रात्री दोनला दवाखान्यात येतात. प्राणायाम करा. पंप बंद करायचा की नाही हे डॉक्टरला ठरवू द्या.

---

संशयात्मा

डॉक्टर, हे असं लिहिलं की मला भांडायला काही उरत नाही. 

---

भरीत पार्टी

गिरणाकाठ जिभाऊ, ते पाचव्या उपदेशात आहाराचंबी आहे ना? ते का गाळलं? अर्धं पोट अन्न, पाव पाणी, पाव वाऱ्याला मोकळं. आणि योग्याला चालणाऱ्या भाज्यांत कच्ची केळी, केळीचा गाभा आणि वार्ताकी. म्हणजे वांगं!

भो, हाई भारी शे. वांगं चालस म्हने योगीले! आते मी आजपासून योगी.

---

पांझरा

@भरीत पार्टी, पुढचा श्लोकही वाचा की. तिखट, आंबट, खारट, कडू, तळलेलं, दही, ताक, सगळं बंद. वांगं चाललं तरी त्यात मिरच्या कुटून घालता येणार नाहीत. वरून तेल नाही, सोबत ठेचा नाही. उरलं काय?

---

भरीत पार्टी

मग योग कॅन्सल.

---

रावेरची केळी

जळगावच्या केळीला आणि भरिताच्या वांग्याला, दोघांनाही भौगोलिक मानांकन आहे. दोन्ही घेरंड मुनींच्या पसंतीची निघाली याचा भलताच आनंद झाला. बाकी आमच्याकडे कच्च्या केळीची भाजी लग्नकार्यातसुद्धा होते, तेव्हा मिताहार नाही पण अर्धा नियम आम्ही पिढ्यान्‌पिढ्या पाळतोय.

---

गिरणाकाठ

आहाराचा भाग मुद्दाम गाळला होता. तो लिहिला की धागा भरितावर जातो हे माहीत होतं.

गंभीरपणे सांगायचं तर पारावर आहाराचा एकच नियम आहे, पोट रिकामं हवं. रात्री शेवभाजी खाल्लेला माणूस पहाटे ‘रं’ म्हणायला बसला की त्याला वेगळी आग पेटवावी लागत नाही.

---

सावद्याची अक्का

बापा, मले ते बीजांचं फार काही कळत नाही. मी वारकरी घरची. पण इतकं सगळं बोललात आणि चांगदेवांचं नाव कोणीच कसं काढलं नाही? आपल्याच तापी-पूर्णेच्या संगमावर चांगदेव गाव आहे, देऊळ आहे. योगबळाने चौदाशे वर्षं जगले अशी त्यांची ख्याती. वाघावर बसून, हातात सापाचा चाबूक घेऊन ज्ञानोबांना भेटायला निघाले. त्याआधी पाठवलेलं पत्र कोरं, आणि मुक्ताई म्हणाली की चौदाशे वर्षं जगूनही हा कोराच राहिला. मग त्याच मुक्ताईला त्यांनी गुरू केलं. ती मुक्ताईसुद्धा आपल्याच मातीत, मुक्ताईनगरला.

श्वास धरून आयुष्य वाढतं असं धरलं तरी पुढे काय, हा प्रश्न आपल्याच अंगणात विचारून झाला आहे. मी सकाळी हरिपाठ म्हणते. एका श्वासात एक चरण. तुमच्या डॉक्टरांच्या हिशेबात तेही बसेल.

---

ओपीडीतून

बसतं, अक्का. चरण म्हणताना श्वास आपोआप लांब सुटतो.

---

पोथीवाला

अक्कांनी ज्ञानोबांचं नाव काढलं म्हणून. ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायात कुंडलिनीच्या वर्णनात याच पंचभूतांचा क्रम येतो. पृथ्वीला पाणी विरवतं, पाण्याला तेज जिरवतं, तेजाला वारा हरवतो आणि शेवटी तो वाराही गगनात मिळतो. पिंडाने पिंड ग्रासायची ही खूण नाथपंथाची, असं माउली स्वतःच सांगतात.

पण धागाकर्त्याला एक प्रश्न. माउली वर जातात, पृथ्वीपासून गगनाकडे. तिथून ‘लं’ला परत येत नाहीत. मग तुमचा ‘लं’चा आग्रह त्या वाटेच्या उलट नाही का?

---

गिरणाकाठ

हा प्रश्न यायला हवाच होता. दोन वेगळी कामं आहेत. सहाव्या अध्यायात जो वर जातो त्याला परतायचं कारण उरलेलं नाही. समनु ही सुरुवातीची धुलाई आहे, आणि ती करणाऱ्याला सात वाजता शेतीची लाइट आली की मोटार चालू करायला जायचं आहे. भूतशुद्धीतही साधक देह विरवून तिथेच बसत नाही, देह पुन्हा उभा करतो, कारण त्याच देहाने पुढची पूजा करायची असते. ज्याचा दिवस पुढे आहे त्याने पृथ्वीवर उतरूनच उठावं.

शिवाय माउलींचा तो मार्ग गुरूच्या हाताखालचा. मी पारावरचा माणूस आहे.

---

पोथीवाला

उत्तर पटलं असं नाही, पण मोटारीचा मुद्दा मान्य.

---

गुरुगृही

मला वेगळीच अडचण आहे. बीजमंत्र असे उघड्यावर लिहावेत का? दीक्षेशिवाय बीज घेऊ नये अशी आमच्या परंपरेची शिस्त आहे. संहितेतही समनुच्या आधी गुरुन्यास (गुरूने सांगितल्याप्रमाणे करायचा न्यासविधी) सांगितलाय, तो धाग्यात आलाच नाही.

---

गिरणाकाठ

गुरुन्यास आहे, बरोबर. लेखात तो लिहिला नाही कारण तो शिकवायचा अधिकार माझा नाही. बीजं मात्र छापील पुस्तकांत गेली कित्येक दशकं आहेत, मी काही फोडलं नाही. ज्यांना परंपरेने अडचण वाटते त्यांना मी आकडे मोजायला सांगतो आणि चित्र तेवढं धरायला. पारावर दोन मुसलमान शेतकरी येतात, ते असंच करतात. त्यांचाही शेवटचा श्वास मातीवर येतो.

---

गुरुगृही

मग त्याला समनु म्हणू नका. मनु म्हणजे मंत्र, तोच काढला तर नाव कशाला राहावं?

---

गिरणाकाठ

मान्य. त्याला नाव नाही ठेवलं.

---

अमळनेरकर

खान्देश आणि योग हा विषय निघालाय तर एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. लोणावळ्याच्या कैवल्यधामचे संस्थापक स्वामी कुवलयानंद, म्हणजे जगन्नाथ गणेश गुणे, लोणावळ्याला जाण्याआधी आमच्या अमळनेरला शिक्षक होते. खान्देश एज्युकेशन सोसायटीत आले आणि पुढे इथल्या नॅशनल कॉलेजचे प्राचार्य झाले. राष्ट्रीय वृत्तीचं कॉलेज म्हणून इंग्रज सरकारच्या काळात ते बंद पडलं. 1924 साली त्यांनी लोणावळ्याला कैवल्यधाम काढलं आणि त्याच वर्षी ‘योगमीमांसा’ हे नियतकालिकही. अमळनेरचं ते वातावरणच तसं होतं. प्रताप शेठजींचं तत्त्वज्ञान मंदिर 1916 चं, आणि नंतर साने गुरुजी इथल्या शाळेत आले.

कुवलयानंदांचे योगातले गुरू नर्मदाकाठच्या मालसरचे परमहंस माधवदासजी. पण शिष्याने गुरूची विद्या तशीच्या तशी मांडली नाही. नौली, म्हणजे पोटाचे स्नायू घुसळायची क्रिया, करताना पोटात बाहेरच्या हवेपेक्षा कमी दाब तयार होतो हे त्यांनी उपकरण लावून मोजलं. त्या पोकळीला नाव दिलं गुरूंचं, ‘माधवदास व्हॅक्यूम’. बस्तीत (आतडं धुण्याच्या क्रियेत) पाणी वर कसं ओढलं जातं याचा खुलासा त्यातून झाला. संशयात्मा आणि गिरणाकाठ यांचं भांडण शंभर वर्षांपूर्वी त्या माणसाने एकट्याने मिटवलं होतं म्हणा ना.

---

संशयात्मा

हे माहीत नव्हतं. असला संन्यासी असेल तर मी पहिल्या ओळीत बसेन.

---

सातपुड्याची वाट

अवांतर : तोरणमाळला महाशिवरात्रीला गोरक्षनाथांच्या देवळात यात्रा भरते, सातपुड्यातून लोक पायी येतात. मच्छिंद्रनाथांची गुहाही तिथेच. हठयोगाचं मूळ नाथपंथात, तेव्हा खान्देशातच ही विद्या शोधायला पुण्या-मुंबईकडे तोंड करावं लागतं हे गमतीचं आहे. गुहेत बसून श्वास मोजण्याचा बेत होता, पण सेल्फी काढणाऱ्यांची रांग लागलेली. यशवंत तलावाकाठी पहाटे बसलो, तिथे जमलं.

---

शिबिरातून परत

मी थोडं उलटं सांगतो. तालुक्याच्या ठिकाणी एका शिबिरात गेलो होतो, नाव घेत नाही. पहिल्याच दिवशी सगळ्यांना 16-64-32. साठीचे लोक, मधुमेहवाले, सगळे एका सतरंजीवर. सोडायची वेळ आली की हॉलभर फुस्सकन आवाज. ‘घाम आला का? म्हणजे पाप जळलं’ असं वरून. मे महिना, पत्र्याचा हॉल. घाम येणार नाही तर काय होईल?

---

ओपीडीतून

हे वाचून माझाच रक्तदाब वाढला.

---

गिरणाकाठ

घामाचं बघा. हठप्रदीपिका या हठयोगाच्या दुसऱ्या ग्रंथात आहे की प्राणायामाच्या पहिल्या पायरीला घाम येतो, दुसरीला कंप आणि उत्तम पायरीला प्राण आपल्या जागी पोचतो. घाम ही कनिष्ठ खूण. लोकांनी तीच शेवटची धरली. त्याच प्रकरणात हेही आहे की चुकीच्या अभ्यासाने उचकी, दमा, खोकला, डोकं-कान-डोळे दुखणं लागतं. ते श्लोक शिबिरात कोणी म्हणत नाही.

फुस्सकन सुटलेला श्वास म्हणजे तो जास्त धरला होता, इतकं सरळ आहे. सोडताना तो ठिबकच्या नळीतून पडल्यासारखा पडायला हवा, मोकाट पाणी दिल्यासारखा नाही. ज्याला 8 मात्रांत तसा सोडता येत नाही त्याने 6 करावं. आकडा कमी केल्याने काही बिघडत नाही, ओढाताण केल्याने बिघडतं.

मे महिन्याबद्दल आणखी एक. संहिता योगाला सुरुवात करायला दोनच ऋतू देते, वसंत आणि शरद. वसंत म्हणजे चैत्र-वैशाख. आता आपल्याकडचा वैशाख वसंत कुठल्या हिशेबाने म्हणायचा? भुसावळ-जळगावला पारा 45 च्या पुढे, अखाजीला (अक्षय्य तृतीयेला) झोके बांधायचे तर सावली शोधावी लागते. ज्याने संहिता लिहिली तो खान्देशात राहिलेला नव्हता. म्हणून आपण शरद धरायचा, आश्विन-कार्तिक. उन्हाळ्यात आधीपासून करणाऱ्यांनीसुद्धा ‘रं’ची फेरी आखडती घ्यावी आणि चंद्राची दुप्पट करावी. हे ग्रंथातलं नाही, माझं.

---

पांझरा

उन्हाळ्यात शीतली केली तर? जीभ दुमडून.

---

गिरणाकाठ

चांगलीच. फक्त धुळीत नको, नाकाची गाळणी चुकते. रस्त्याच्या कडेला घर असेल तर पहाटेच उरकावी.

---

नव्याने येणारी

माझा प्रश्न नेतीबद्दल, म्हणजे नाक धुण्याबद्दल. शुद्धीची सुरुवात नाकापासून करायची असेल तर जलनेती आधी करावी का? सासूबाई म्हणतात बोअरचं पाणी चालतं.

---

ओपीडीतून

ताई, बोअरचं पाणी थेट अजिबात नको. उकळून, कोमट होऊ दिलेलं पाणी. लिटरला 9 ग्रॅम मीठ, म्हणजे अर्ध्या लिटरला साधारण एक सपाट चमचा. न उकळलेल्या पाण्यातला अमीबा नाकावाटे मेंदूपर्यंत गेल्याची उदाहरणं आहेत. क्वचित होतं, पण झालं तर सहसा माणूस वाचत नाही. सर्दीने नाक पूर्ण चोंदलेलं असताना किंवा कान दुखत असताना नेती करू नका. करून झाल्यावर पुढे वाकून नाक पूर्ण रिकामं करा. सासूबाईंना सांगा, डॉक्टर म्हणाला.

---

गिरणाकाठ

नेती हवीच असं नाही. षट्कर्मं, म्हणजे नेती-धौतीसारख्या सहा शुद्धिक्रिया, सगळ्यांना सांगितलेलीच नाहीत. हठप्रदीपिका म्हणते, ज्याच्या अंगात मेद आणि कफ जास्त त्याने ती आधी करावीत, बाकीच्यांनी करू नयेत. नाक मोकळं असेल तर सरळ श्वासाला बसा.

---

रात्रपाळी

भुसावळला रेल्वेत आहे. पाळ्या बदलत्या. पहाटे पाच वाजता तुम्ही पारावर बसता तेव्हा मी यार्डात असतो. घरी आठ वाजता येतो, डोळे जळजळतात, पण झोप लागत नाही. माझ्यासाठी यात काही आहे का, की हे फक्त पहाटे उठणाऱ्यांचंच?

---

गिरणाकाठ

रात्रपाळी दादा, तुमचा प्रश्न धाग्यातला सगळ्यांत कामाचा.

पाळीवरून आल्यावर तिन्ही फेऱ्या करू नका. ‘यं’ आणि ‘रं’ सोडून द्या, अंग आधीच तापलेलं असतं. हातपाय धुवा, थोडं खाल्लं असेल तर तासभर जाऊ द्या. खोलीत अंधार करून बसा किंवा उताणे पडा. फक्त चंद्राची फेरी. डावीने 4 घ्या, उजवीने 8 सोडा, सोडताना ‘लं’. डोळ्यांपुढे पाय ते गुडघे एवढाच भाग आणा. भूतशुद्धीत पृथ्वीची जागा तीच, पिवळा चौकोन. पाय जड होऊ द्या. झोप लागली तर लागू द्या, फेरी अर्धी राहिली म्हणून उठून बसू नका. सुट्टीच्या दिवशी उठल्यावर, पोट रिकामं असताना तिन्ही फेऱ्या करा. वेळ पहाटेची नसली तरी चालेल.

---

ओपीडीतून

दुपारी झोपताना खिडकीला जाड पडदा आणि पाळीच्या शेवटच्या तीन-चार तासांत चहा बंद, हे माझ्याकडून. घोरणं जास्त असेल किंवा झोपेत श्वास अडकतो असं घरचे म्हणत असतील तर आधी तपासून घ्या, प्राणायाम नंतर.

---

रात्रपाळी

चहाचं अवघड आहे, यार्डात चारला चहा नसेल तर गाडी हलत नाही. बाकी करून बघतो. पडल्यापडल्या ‘लं’ म्हणायला जमलं. नाकपुडी बदलायला हात वर धरावा लागतो, तो दुखतो.

---

गिरणाकाठ

हात सोडून द्या. पडून करताना नाकपुडी मनातच बदलायची.

---

भरीत पार्टी

जिभाऊ, मन्ही बायको म्हनस, वांगं राहू दे, आधी पारावर जा. पाहुण्याला बसू देता का? कधी यायचं?

---

गिरणाकाठ

शरदातच सांगितलंय, तेव्हा कोजागरीनंतर या. पहाटे पाचला, पोट रिकामं. सतरंजी स्वतःची आणा, पारावरची मास्तरांच्या कुत्र्याने बळकावली आहे.